मोठ्या दिरांचं नाव

नारीन, १२ जानेवारी

तीर्थरूप जाऊबाईंना झूराकानचा सलाम.

गुडघे कसे आहेत? काराकोलची थंडी तळ्यावरून येते, ओली असते, सांध्यांत शिरून बसते. मेंढीची चरबी कोमट करून चोळता ना, की आयचुरेकनं दुकानातलं मलम आणून दिलंय आणि लेकीचा मान राखायचा म्हणून तेच लावताय? तिची पाठ कशी आहे? दिवसभर शिलाईयंत्रावर वाकते, मधूनमधून उठत जा म्हणावं. जावईबापूंचा खोकला थांबला का? मीरिमचे पुढचे दात आले का? मागच्या फोटोत पोर हसली तर तोंडात नुसती खिडकी. आणि तांबडी गाय? इथून नेताना ट्रकमध्ये चढायला तयार नव्हती, तिकडचं पाणी तिला मानवलं का?

इकडे सगळं ठीक आहे. माझा दमा थंडीत वर येतो तसा आलाय, पण चूल पेटली की खाली बसतो. आमचे हे मजेत. मोठ्या दिरांच्या गोठ्याची डागडुजी चाललीय म्हणून सध्या तिकडेच राहतात. जाताना बूट, दोन्ही टोप्या, कोट आणि रेडिओ घेऊन गेले. गोठ्याचं काम बरंच मोठं असावं.

फोन करायचं मी सोडून दिलं. आयचुरेक म्हणते, "काकू, आई झोपलीय." सकाळी अकराला! तुमच्याबरोबर एका घरात बारा हिवाळे काढलेत मी. तुम्ही अकराला झोपलेल्या मला कधी दिसला नाहीत, बाळंतपणातसुद्धा. तर असू दे. शारशेनची बस आता थेट काराकोलला जाते. त्याच्याकडे हे पत्र आणि बरणीभर साय देतेय. बरणी परत पाठवा.

एक सांगायचं राहिलं. मागच्या आठवड्यात तुरुंगात जाऊन मोठ्यांच्या ड्रायव्हरला, आपल्या कुबातला भेटले. पेपरात लिहिणारीचं कामच ते, तुम्हाला ठाऊक आहे. वजन उतरलंय त्याचं. "बातमाकाकींचे गुडघे कसे आहेत?" असं त्यानं विचारलं. सहा वर्षांची सजा झालेला माणूस, आणि पहिला प्रश्न हा. दुसरा प्रश्न विचारला नाही त्यानं, मीही काढला नाही.

त्याचं अपील १५ मार्चला आहे. मला काही मागायचं नाही. नुसतं कळवलं.

तुमची धाकटी जाऊ,
झूराकान


नारीन, २९ जानेवारी

तीर्थरूप जाऊबाई,

बरणी पोचली. धुऊन, पुसून, आत वाळलेल्या जर्दाळूंसकट. चिठ्ठी मात्र नाही. मी शारशेनला विचारलं, "काही म्हणाल्या का?" तो म्हणाला, "मावशी, मी ड्रायव्हर आहे, वकील नाही. बाईंनी पाकीट घेतलं, पदराखाली ठेवलं आणि मला दोन वेळा चहा पाजला. यापुढची साक्ष मला माहीत नाही." सगळ्या गावाची जीभ माझ्या लेखांमुळे अशी कोर्टाची झालीय.

पाकीट पदराखाली गेलं म्हणजे तुम्ही ते वाचलंत. म्हणून आज पहिल्यापेक्षा थोडं जास्त लिहिते.

त्या दिवशी कोचकोरहून आत्या गेल्याला वर्ष झालं त्याचं जेवण करून तुम्ही परत आलात, ते थेट माझ्याच दारात उतरलात. मी तुमच्या हातांवर कोमट पाणी ओतत होते. तुम्ही एकच वाक्य बोललात: "कुबात माझ्या शेजारी बसला होता, मला खिडकी देऊन." तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं. डोलोनच्या घाटात मेंढ्या उतरवणारा म्हातारा जुमाश मोठ्यांच्या गाडीखाली येऊन गेला, हे दुसऱ्या दिवशी कळलं, आणि कुबातनं पोलिसांपुढे "मी चालवत होतो" असं कबूल केल्याचं त्याच्याही दुसऱ्या दिवशी. ड्रायव्हर मागच्या सीटवर तुमच्याशेजारी होता, तर पुढे कोण होतं? गाडीत तिघंच होतात. आणि घाट लागला की मोठे कुबातला मागे पाठवून स्वतः चाक हातात घेतात, हे आपल्या घरात कुणाला माहीत नाही?

खटला आठवतो ना? न्यायाधीशांनी विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?" तुम्ही मान खाली घातलीत. लगेच मोठ्यांचा वकील उठला. "साहेब, आमच्याकडे सुना थोरल्यांबद्दल तोंड उघडत नाहीत. नाव घेणं तर लांबच. या वयात बाईंना का लाजवायचं?" न्यायाधीश आपल्याच मुलखातले. त्यांची आई, बायको, सगळ्या तशाच. ते म्हणाले, "बसा, आई." प्रश्न मागे घेतला! मागच्या बाकांवरून बायका कुजबुजल्या, "काय संस्कार आहेत बाईचे!" मी पत्रकारांच्या बाकावर होते. इतकी वर्षं कोर्टं पाहिली, धाक घालून गप्प बसवलेले साक्षीदार पाहिले, पैसे चारून बसवलेले पाहिले. आदर दाखवून गप्प बसवलेला पहिल्यांदाच पाहिला.

तुम्हाला दोष देत नाही. मी काय करत होते? मान खाली घालून लिहीत होते.

परवा मेलिसशी माझं वाजलं. आमचा संपादक, तुम्ही त्याला लहानपणी दूध पाजलंय. या खटल्यावर मी माझ्या 'कायदा घरोघरी' या रकान्यासाठी लेख लिहून नेला. तो चष्मा कपाळावर सरकवून वाचत होता. मधेच थांबला.

"'परिसरातील एक प्रतिष्ठित ज्येष्ठ व्यक्ती.' हे कोण, मावशी?"

"तुला माहीत आहे कोण."

"मला माहीत असून काय उपयोग? वाचकाला कळायला हवं. हे वाक्य कापायला मला कुणी शिकवलं? मी नवा होतो तेव्हा तुम्ही माझ्या बातमीवर लाल पेन्सिलीनं लिहिलं होतंत, 'व्यक्तीला आईबापांनी नाव ठेवलं नव्हतं काय?'"

"ते वेगळं होतं."

"हो ना. ते दुसऱ्यांचे दीर होते."

मी लेख उचलला आणि घरी आले. बर्फात पाय रुतत होते आणि मी एकटीच बडबडत होते. राग त्याचा नव्हता.

तुम्हाला आठवतं, मी या घरात आले तेव्हा मला नीट वाचताही येत नव्हतं. पाचवीनंतर शाळा सुटलेली. छापखान्यात खिळे जुळवायला बाई हवी होती. सासूबाई म्हणाल्या, "सुनेनं काळे हात करून घरी यायचं?" तेव्हा मोठे म्हणाले होते, "जाऊ दे तिला, शाई धुतली जाते." त्यांच्या एका शब्दावर मी छापखान्यात गेले. सरकारी कायद्यांच्या पुस्तिका तिथेच छापल्या जायच्या. अक्षर न् अक्षर उलटं लावायचं, म्हणजे मी कायदा आधी उलटा वाचला, मग सुलटा. कलम लावता लावता मनात यायचं, अगं, हे तर शेजारच्या तुर्सुनच्या जमिनीचं आहे! मग मी तुर्सुनला सांगितलं, तुर्सुननं अर्ज केला, जमीन परत मिळाली, आणि बायका स्वयंपाकघराच्या दारानं माझ्याकडे यायला लागल्या. त्यातूनच तो लेखांचा रकाना सुरू झाला. बायकांच्या कोठडीत चूल नाही, हे मी लिहिलं. हिवाळी कुरणं कुणी हडपली, लिहिलं. सातवीतल्या मुलीला पळवून नेऊन लग्न लावलं, तेव्हा नवऱ्याचं, त्याच्या बापाचं आणि सही करणाऱ्या मुल्लाचंही नाव लिहिलं. लोक म्हणायचे, झूराकानच्या पेनाला लाज नाही. मला ते आवडायचं.

आणि आता हे. जाऊबाई, थोरल्यांचं नाव घ्यायचं नाही, हे खरं. पण 'आमचे मोठे' असं म्हणायला तुम्हाला कुणी अडवलं होतं? 'माझे थोरले दीर' असं लिहायला मला कोण अडवत होतं? रीत नावापुरतीच आहे. बाकी सगळं आपण तिच्या आडोशाला नेऊन लपवलं. हे तुम्हाला विचारत नाही, स्वतःलाच विचारतेय. तुम्हाला उत्तर सुचलं तर कळवा.

जर्दाळू गोड आहेत.

झूराकान


नारीन, १६ फेब्रुवारी

तीर्थरूप जाऊबाई,

आधी एक कबूल करते. गोठ्याची डागडुजी वगैरे काही नाही. मी कुबातला भेटून आले त्याच संध्याकाळी आमच्या ह्यांनी, तुमच्या धाकट्या दिरांनी, सामान बांधलं. भांडण नाही, आवाज नाही. एवढंच म्हणाले, "तो माझा भाऊ आहे." मी म्हटलं, "आणि कुबात कुणाचा कोण नाही का?" त्यांनी टोपी घातली. तुम्हाला आधीच कळलं असेल, त्या दोन्ही टोप्यांवरूनच.

आता खरी गोष्ट. मी मोठ्यांकडे गेले होते.

आमच्या धंद्याचा नियम आहे, ज्याच्यावर लिहायचं त्याला आधी जाऊन विचारायचं. चोर असो, मंत्री असो. बाकी सगळ्यांना विचारलं आणि यांना नाही, असं कसं चालेल? नवा रुमाल डोक्याला बांधला, पाव घेतले आणि गेले. आत शिरताना मोठ्यांना पाठ दिसणार नाही अशी वळले, दाराजवळ बसले. पाय आपोआप तसे वळतात, त्यांना लेख वाचता येत नाहीत.

मोठे खिडकीपाशी होते. थकलेत. मान कोटातून काठीसारखी वर येते. मला बघून म्हणाले, "ये धाकटे. बातमी आणलीस की न्यायला आलीस?"

"विचारायला आलेय. छापण्याआधी विचारायचं असतं."

"माझ्या घरात चहा आधी असतो. मेलिसला सांग, हाही कायदाच आहे."

चहा झाला. तुमचे धाकटे दीर कोपऱ्यात एकच पेला कितीतरी वेळ पुसत होते. मी विचारलं, "त्या दिवशी डोलोनच्या घाटात चाक कुणाच्या हातात होतं?"

"कोर्टानं ठरवलंय."

"कोर्टाला नाही विचारत. तुम्हाला विचारतेय."

"झूराकान!" कोपऱ्यातून आवाज आला.

"बोलू दे," मोठे म्हणाले. "तिला छापखान्यात मीच पाठवली. जे पेरलं ते बघू दे मला." मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "कुबात पस्तिशीचा आहे. सहा वर्षांनी सुटेल तेव्हा पंचेचाळीसचाही नसेल. मी आत गेलो तर सुटेन का? त्याच्या बायकापोरांना मी उपाशी ठेवणार नव्हतो."

"तुम्ही त्याला सांगितलं होतं की तीन महिन्यांत सोडवून आणतो."

"सांगितलं होतं." बघा, नाही म्हणाले नाहीत! "वकील म्हणाला होता, होईल. नाही झालं."

"जुमाशच्या बायकोकडे गेलात का?"

"भरपाई म्हणून घोडा पाठवला."

"घोडा तिनं परत पाठवला. मला म्हणाली, तुरुंगात कोणीतरी असून मला उपयोग नाही, ज्यानं केलं तो हवा."

त्यांनी चहाचा पेला बाजूला सरकवला. नंतर माझ्याकडे वळले, आणि जाऊबाई, जे बोलले ते तुम्हाला शब्दशः सांगते. "छाप तू. मला हरकत नाही. पण काय छापशील? या घरात आल्यापासून माझं नाव तुझ्या तोंडून मी ऐकलेलं नाही. इथे माझ्यासमोर एकदा घेऊन दाखव. घेता आलं तर छाप."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. न्यायाधीशांना त्यांच्या दालनात जाऊन जाब विचारलेली मी, मला एक नाव घेता येईना. सासूबाई आठवल्या, पहिल्या दिवशी त्यांनी डोक्यावर बांधलेला पांढरा रुमाल आठवला, त्यांनी बोटावर मोजून सांगितलेली नावं आठवली, ही तुझ्या जिभेवर यायची नाहीत. मोठे पाहत होते. जिंकल्यासारखे नाही, जरा कीव आल्यासारखे. त्यांनी पावाचा तुकडा माझ्याकडे सरकवला. "खा. बाहेर थंडी आहे."

मी खाल्ला.

परतताना वाटेत उत्तर सुचलं, माझं नेहमीचंच आहे ते. सहा वर्षं कुणाला परवडतील आणि कुणाला नाहीत, याचं गणित त्यांनी मांडलं. कुबातला कुणी पाटीही दिली नाही.

तुम्ही पत्रं वाचता ना? एवढंच कळवा. 'वाचते' असा एक शब्द शारशेनच्या कानात सांगा, तो मला सांगेल. पोटात राहत नाही त्याच्या काही.

झूराकान


नारीन, ३ मार्च

तीर्थरूप जाऊबाई,

शारशेननं तुमचा निरोप दिला: "बाई म्हणाल्या, दम्यावर कांद्याचं पाणी घे." बस्स. म्हणजे वाचता.

कांद्याचं पाणी घेतेय. भयंकर आहे.

सोबत अंक पाठवतेय. तिसऱ्या पानावर माझा लेख आहे. नाव त्यात आहे. या पत्रात ते पुन्हा लिहायचा धीर आज नाही, एकदा लिहून हात दुखतोय.

कसं लिहिलं ते सांगते. सगळा लेख लिहिला आणि नावाच्या जागी मोकळी जागा सोडली. मेलिस म्हणाला, "मी भरतो, मावशी. तुमच्यावर नको यायला. माझा कोण लागतो तो?" पोरगं मनाचं चांगलं आहे. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. मग वाटलं, हेच तर झालंय सगळीकडे. जे आपल्याला झेपत नाही ते कुणा दुसऱ्याकडून भरून घ्यायचं. कुबातकडून त्यांनी सजा भरून घेतली, मी मेलिसकडून नाव भरून घेणार. मी म्हटलं, "हो बाजूला." खुर्चीत बसले आणि लिहिलं. उठून परसात गेले, हात बर्फानं घासले. शाई नव्हती हाताला, संगणकावर कसली आलीय शाई. तरी घासले.

लेखात मी शिव्या दिलेल्या नाहीत. मोठे जे जे बोलले ते तसंच छापलंय, मला छापखान्यात पाठवल्याचंसुद्धा. मेलिस म्हणत होता ते काढा, त्यांची बाजू भारी होते. मी म्हटलं, भारी आहे तर आहे. माणूस एका घाटापुरता नसतो. आणि हेही लिहिलंय की मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको आहे. वाचकाला माझंही घर कळायला हवं.

बाजारात गेले तर माझी नेहमीची दहीवाली दही मोजायचं थांबली. म्हणाली, "नाव घेतलंस?" मी म्हटलं, "लिहिलं." ती म्हणाली, "माझ्या सुनेला वाचू देणार नाही." मग दह्याबरोबर चार कुरुत, वाळल्या दह्याचे गोळे, जास्तीचे टाकले पिशवीत. मला दोन्हींचा मेळ अजून लागलेला नाही. मशिदीपाशी एक म्हातारा माझ्याकडे पाहून थुंकला, तो मेळ लगेच लागला. कुंपणाची फळी कुणीतरी मोडलीय. वारा असेल.

आता कामाचं बोलते, कारण दिवस राहिले नाहीत. लेखानं कुणी सुटत नसतो. लेख म्हणजे झूराकाननं ऐकलेलं. वकील एका वाक्यात उडवेल. गाडीत तिघं होती. एकानं कबुली दिलीय, एक बोलणार नाहीत. उरलात तुम्ही. १५ तारखेला सकाळी दहाला, नारीनच्या कोर्टात. कुबातच्या बायकोनं, गुलसूननं, तुमचं नाव साक्षीला दिलंय. समन्स येईल, नाही आलात तर आजाराचा दाखला चालेल, गुडघ्यांचा दाखला कुणीही देईल. मी तुम्हाला भरीला घालणार नाही. तुम्ही विधवा, लेकीच्या घरी राहता, उद्या मरणधरणाला याच घराची माणसं खांदा द्यायला लागतील, हे मला कळतं. माझ्याकडे निदान रकाना आहे, तुमच्याकडे काय आहे?

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मला काही मागायचं नाही. ते खरं नव्हतं. या, जाऊबाई.

झूराकान


नारीन, १९ मार्च

तीर्थरूप जाऊबाई,

तुम्ही आलात. माझ्याशी एक शब्द न बोलता आलात, आणि तशाच शारशेनच्या बसनं परत गेलात. मी कोर्टाच्या पायऱ्यांवरून हाक मारली, तुम्ही वळून पाहिलं नाहीत. रागावला असाल तर तो तुमचा हक्क आहे. पण तुम्ही पाठमोऱ्या होतात, पुष्कळसं तुम्हाला दिसलंच नाही. ते कुणीतरी सांगायला हवं, म्हणून लिहितेय.

तुम्ही म्हणालात, "कुबात माझ्या शेजारी मागे बसला होता. पुढे आमचे मोठे होते." तेवढ्यानं मला वाटलं, झालं. तेवढ्यात तो वकील उठला. त्याचं हसू तुम्हाला दिसलं नसेल, मला दिसलं. "मोठे म्हणजे कोण, आई? या घराण्यात तीन भाऊ. चुलते वेगळे. कोर्टाच्या कागदावर 'मोठे' असं कुणाचं नाव नसतं." मागच्या वेळी जी रीत त्यानं तुमच्यावर शालीसारखी पांघरली, तीच आता भिंतीसारखी पुढे उभी केली. न्यायाधीश या खेपेला तिघं, पण तिघंही आपलेच. त्यांतले मधले कानकोंडे होऊन म्हणाले, "नाव सांगितलंत तर बरं होईल, आई." लिहिणारी मुलगी थांबून राहिली. मागे एवढी शांतता की गुलसूनच्या मांडीवरचं पोर अंगठा चोखतंय ते ऐकू येत होतं.

आणि तुम्ही म्हणालात, "केरिमकुल."

ओरडून नाही. गाईला गोठ्यात घेताना हाक मारतो, तेवढ्याच आवाजात.

मी तेव्हा मोठ्यांकडे पाहत होते. त्यांना गेली कितीतरी वर्षं नावानं हाक मारणारं माणूसच उरलेलं नाही. आईवडील गेले, बरोबरीचे गेले. सगळे 'साहेब', 'बाबा', 'मोठे'. तुम्ही नाव घेतलंत तशी त्यांची मान झटकन तुमच्याकडे वळली, एखाद्या पोराला अंगणातून आईनं बोलवावं तशी. मग त्यांना भान आलं आणि ते जमिनीकडे बघू लागले. वकील "साहेब, ही साक्ष" म्हणून सुरू झाला, तर मोठ्यांनी त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं. हे तुम्ही पाहिलं नाहीत, तोवर तुम्ही दाराकडे निघाला होतात. दारापाशी जुमाशची बायको उभी होती. ती तुमच्याकडे हात करत होती, तुम्ही तिलाही ओलांडून गेलात.

दुपारी निकाल झाला. सजा रद्द, तपास नव्यानं, कुबातला तोवर मोकळीक. गुलसून हसली नाही, रडली नाही, खाली बसली आणि त्याच्या बुटांच्या नाड्या बांधत राहिली. तुरुंगात नाड्या काढून घेतात.

परवा संध्याकाळी तुमचे धाकटे दीर आले होते. मी काही विचारलं नाही, कढईतलं मांस वाढलं. जेवून झाल्यावर म्हणाले, "दादांनी वकिलाला घरी पाठवलं. उद्या स्वतः जाऊन जबाब देतो म्हणाले."

"का?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाले, छापलेल्या नावाला वकील लावता येतो. तिनं घेतलं त्याला काय लावू?"

ते काल खरंच गेले, जबाब दिला. अजून अटक नाही, वयामुळे होणारही नाही कदाचित. पुढचं मी बघेन, लिहायचं झालं तर लिहीन, त्यांच्या बाजूचंही. तुमचे दीर पुन्हा तिकडे गेलेत. मी म्हटलं, जा. आत्ता त्यांच्याजवळ माणूस हवं. उंबऱ्यावर थांबून म्हणाले, "बातमावहिनींना लिहिशील तेव्हा सलाम सांग." सांगितला.

मी खूप विचार केला, जाऊबाई. लेख लिहून मला वाटत होतं, मी मोठं धाडस केलं. माझ्या पाठीशी छापखाना होता, मेलिस होता, वाचक होते, लिहून परसात पळून जायची सोय होती. तुम्ही मात्र त्यांच्यासमोर उभ्या राहून, तोंडानं घेतलंत. लोक मला विचारतात, पुढच्या आठवड्याचा लेख कशावर? मला काही सुचत नाही. तुमच्यावर लिहिणार नाही, भिऊ नका. तुम्ही हो म्हणेपर्यंत तर नाहीच.

आणि एक. काल कुबातच्या घरी मेंढी कापली. वाटे करायची वेळ आली तेव्हा घरातल्या थोरल्या बाईचा वाटा कुणाला, म्हणून सगळे थांबले. माझ्यापुढे आणला, मी घेतला नाही. कुबात म्हणाला, "तो बातमाकाकींचा." तो मी घरी आणलाय, कापडात बांधून उत्तरेच्या भिंतीला टांगलाय. रात्री अजून गोठतंय, पण दुपारी छपराचं बर्फ गळायला लागलंय. फार तर आणखी आठवडाभर टिकेल. बसनं पाठवू, की तुम्ही येऊन इथेच जेवाल? दोन ओळींत कळवा. लगेच कळवा, ऊन वाढायच्या आत.

तुमची,
झूराकान